देवीची तिसरी बॅटरी

"बॅटरी आपोआप उतरली," असं कोणी माझ्या दुकानात येऊन सांगितलं की माझं डोकं फिरतं. आपोआप कशी उतरेल? ती काय कापराची वडी आहे, ठेवल्या जागी उडून जायला? बॅटरी उतरते म्हणजे कोणीतरी तिचं खात असतं. ते कोण, हे शोधून काढायचं माझं काम. मुंबईच्या गोदीत अठरा वर्षं मी तेच केलं आणि एक्क्याऐंशी साली मालवणात परत येऊन बाजाराच्या टोकाला दुकान टाकलं. पाटीवर लिहून घेतलं, 'विश्राम इलेक्ट्रिक. बॅटरी चार्जिंग व होडीचे वायरिंग.' आणि त्याखाली लाल रंगात, ठळक, 'काम चोख'.

माझी बायको सुगंधा तेव्हाच म्हणाली होती, "अवो, चोख आसा ता लोकांनी म्हणूचा. आपणच कित्याक लिवचा?"

मी तिला म्हटलं, तुला धंद्यातलं कळत नाही. पुढे पाच वर्षं तिने तो विषय काढला नाही. ती विसरली असेल असं मला वाटत होतं. बायका असलं काही विसरत नाहीत, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

तर सत्यवान कोयंड्याची लाँच. हा सत्यवान माझ्याहून दहा वर्षांनी लहान, शांत, कष्टाळू माणूस. चौऱ्याऐंशी साली त्याने गोव्यातून एक जुनी लाँच आणली, तिचं नाव ठेवलं 'सातेरी प्रसाद', आणि धक्क्यावरून किल्ल्यात माणसं न्यायला सुरुवात केली. दोन इंजिनांची लाँच आमच्या बंदरात तेव्हा ती एकच. एक इंजिन खोकलं तर दुसऱ्यावर घरी येता येतं. खडकांतून वाट काढायची असेल तर एक पुढे, एक मागे करून लाँच जागच्या जागी फिरवता येते. लोक बघायला उभे राहायचे.

तिचं सगळं वायरिंग माझं. डाव्या इंजिनाला दोन बॅटऱ्यांची एक जोडी, उजव्या इंजिनाला दुसरी जोडी. प्रत्येक इंजिनाचा डायनामो आपापली जोडी भरणार. मध्ये एक मोठा खटका, त्यावर चार जागा: एक, दोन, दोन्ही आणि बंद. 'दोन्ही' ही जागा फक्त अडीअडचणीला. एक जोडी अगदीच मेली तर दुसरीची मदत घ्यायची, इंजिन चालू झालं की लगेच खटका मागे घ्यायचा. नाहीतर भरलेली जोडी रिकामीच्या नादाने रिकामी होते. मी प्रत्येक होडीचा नकाशा काढतो, एका इंजिनाचं लाल पेन्सिलीने, दुसऱ्याचं निळ्या, आणि बॅटरीच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवतो. उद्या मी मेलो तरी दुसऱ्या वायरमनला कळलं पाहिजे. असा नकाशा अख्ख्या किनाऱ्यावर कोणी लावत नाही, हे मी ज्याला-त्याला सांगत असे.

सत्यवानाचे वडील बाबा. पंचाहत्तरीचे, पण काठी नाही. शिडाच्या गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचे मुख्य होते, पार कालिकतपर्यंत जाऊन आलेले. माझे वडील त्यांच्याच गलबतावर खलाशी होते, त्यामुळे बाबा मला लहानपणापासून हक्काने बोलतात. मी गोदीतून आलो तेव्हापासून मला म्हणायचे, "इलो बघ विजेचो भट." लाँच आल्यावर ते रोज सकाळी सत्यवानाच्या आधी जाऊन चढायचे. सुकाणू सत्यवानाच्या हातात, बाबा नुसते त्याच्या बाजूला उभे. पण पाण्याखालचा खडक सत्यवानाला दिसायच्या आधी बाबांची हनुवटी तिकडे वळलेली असायची, आणि सत्यवान त्या हनुवटीकडे बघून लाँच वळवायचा. हे दोघांनी एकमेकांना कधी बोलून दाखवलं नव्हतं. आणखी एक काम बाबांचं. सुकाणूच्या वर देवीचा फोटो होता, त्याला रोज अबोलीचा वळेसर घालायचा. फोटोसमोर एक छोटा लाल बल्ब, तो देवीचा दिवा. अष्टौप्रहर पेटलेला.

आता मूळ गोष्टीवर येतो.

शहाऐंशीच्या मोसमात लाँच दगा द्यायला लागली. फेब्रुवारीत एकदा सकाळी दोन्ही स्टार्टर नुसते 'टक' करून गप्प. सत्यवानाने बॅटऱ्या हातगाडीवर घालून माझ्याकडे आणल्या. मी भरून दिल्या, जाऊन जोडल्या, नकाशा समोर धरून एकेक वायर तपासली. सगळं कागदाबरहुकूम. फक्त खटका 'दोन्ही'वर होता. मार्चात पुन्हा तेच. पुन्हा तपासलं, पुन्हा कागद बरोबर, पुन्हा खटका 'दोन्ही'वर. माझ्या डोक्यात तिडीक गेली. धक्क्यावर दहा-पंधरा होडीवाले उभे होते, त्यांच्यासमोर मी मोठ्याने सांगितलं, "वायरिंग माझं आहे, त्यात खोट नाही. खटक्याला कोणीतरी हात लावतंय. त्याला आवरा."

सगळ्यांनी बाबांकडे बघितलं. बाबा समुद्राकडे बघत होते.

एप्रिलात, पाडव्याच्या नंतर, लाँच दोन दिवस उभी होती. तिसऱ्या दिवशी कोल्हापूरकडची बत्तीस माणसं किल्ल्यात नेली, तेव्हा कशीबशी चालू झाली. परत निघताना ओहोटी. तिथे खडक जवळ असतात म्हणून सत्यवान आधी बांबूने रेटा देऊन लाँच मोकळी करतो आणि मग स्टार्टर दाबतो. दाबला. टक. दुसरा दाबला. टक. लाँच आडवी होऊन हळूहळू खडकांकडे जायला लागली. बायकांनी देवाचा धावा सुरू केला, एका मास्तरांनी बूट काढून हातात घेतले. दोन होडीवाले वल्ही मारत आले, दोर टाकले आणि लाँच ओढून धक्क्याला लावली. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. पण सत्यवानाच्या तोंडचं पाणी पळालं ते पळालंच. खटका बघितला, 'दोन्ही'वर.

संध्याकाळी तो माझ्या दुकानात आला. हातात नवं पितळी कुलूप होतं.

"विश्रामदादा, ह्या बॅटरेच्या पेटयेक बसव. खटको पण पेटयेच्या आत घे."

"चावी कोणाकडे?"

"माझ्याकडे. आणि बाबांका सांगलंय मी. उद्यापासून लाँचीर येव नकात." एवढं बोलून तो माझ्या चार्जरच्या काट्याकडे बघत राहिला. "माका काय बरा वाटता, दादा? बत्तीस माणसा होती."

"बाबा काय म्हणाले?"

"काय नाय. बरा म्हणाले."

मला वाईट वाटलं, पण खरं सांगतो, थोडं बरंही वाटलं. माझं वायरिंग सुटलं ना त्यातून.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ड्रिल, बिजागरी आणि कुलूप घेऊन लाँचवर गेलो. लाँच नांगरावर, आत कोणी नाही. उन्हाला अडवायला केबिनची कापडं खाली सोडलेली, त्यामुळे आत अंधार होता. पत्र्याला भोक पाडायचं म्हणजे आधी वीज तोडायची. मी खटका 'बंद'वर आणला. सगळं बंद. खात्रीसाठी भोंग्याचं बटण दाबून बघितलं, मुका. मग बसल्या-बसल्या घाम पुसायला मान वर केली.

देवीचा दिवा चालूच होता.

मी खटका पुन्हा फिरवला. एक, दोन, दोन्ही, बंद. दिवा आपला पेटलेला. मी नकाशा बघितला. लाल रेघा, निळ्या रेघा, भोंगा, माथ्यावरचा दिवा, सगळं आहे. देवीचा दिवा नकाशात नाही. मग फोटोच्या मागे हात घातला आणि वायर बोटांनी चाचपत खाली आलो. फळीमागून, इंजिनाच्या बाजूने, सरळ उजव्या जोडीच्या टर्मिनलवर. मध्ये खटका नाही, काही नाही. आणि टर्मिनलला मारलेली गाठ दोन वेढे देऊन तिसरा उलटा. तशी गाठ मालवणात एकच माणूस मारतो, आणि तो मी.

मग सगळं आठवलं. लाँच पाण्यात उतरवायचा दिवस. भटजी घड्याळाकडे बघतायत, नारळ हातात, मुहूर्ताला पाच मिनिटं. बाबा माझ्याजवळ येऊन म्हणाले, "विश्राम, सगळा बंद केलंव तरी देवीचो दिवो जाता नये हां." मी म्हटलं, आत्ता होतं. एक वायर घेतली आणि सरळ बॅटरीला जोडली. म्हटलं, उद्या नीट करू आणि कागदावर घेऊ. तो उद्या दोन वर्षं आला नाही. आणि गंमत बघा, मी, सत्यवान, सगळेच रोज त्या दिव्याला हात जोडत होतो. माथ्यावरच्या दिव्याचा खर्च धरला, भोंग्याचा धरला, पण देवीचा दिवा वीज खातो हे कोणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. देवीचा दिवा म्हणजे देवीचा दिवा. रात्रंदिवस तो हळूहळू खात होता. किल्ल्याची फेरी दहा मिनिटांची, तेवढ्यात डायनामो भरणार तरी किती? नव्या बॅटऱ्यांनी सोसलं, जुन्या झाल्यावर माना टाकल्या.

पहिला विचार काय आला तो सांगतो, लाज वाटली तरी. पक्कड घ्यायची, वायर तोडायची, दुसरीकडे जोडायची आणि गप्प बसायचं. कुलूप लागलं आणि त्यानंतर लाँच चालली, तर लोक म्हणतील कुलपाने चालली. मी पक्कड वायरला लावलीसुद्धा. पण दिवा माझ्या हाताने मालवायला हात धजेना. पक्कड तशीच धरून मी किती वेळ बसलो कोण जाणे.

कुलूप न लावताच मी बाबांच्या घरी गेलो. बाबा घरापुढच्या खळ्यात बाकड्यावर बसले होते. तिथून माडांच्या मधून लाँच दिसते. हाताला काम हवं म्हणून जुना दोर उसवत बसले होते.

"बाबानू, दिव्याची वायर सरळ बॅटरेक आसा, ता तुमका म्हायत होता?"

त्यांनी दोर खाली ठेवला. "बस."

"म्हायत होता काय नाय ता सांगा."

"होता. तू जोडलस तेव्हा मी थंयच उभो होतंय मा." मग सावकाश म्हणाले, "दिवो मंद होवक लागलो की समाजता माका, उजवी बॅटरी दमली. मगे खटको दोघांवर फिरवतंय. डावी तेका थोडा देता, दिवो परत बरो होता. तेच्यान दोनय मरतत ह्या माका आधी कळाक नाय. तिसऱ्या खेपेक कळला."

"मगे सांगूक नाय कित्याक? मी धक्क्यार तुमच्याविषयी काय काय बोललंय. सत्यवानान तुमका घराक बसवल्यान."

"तू धा माणसांत सांगलस, माझ्या वायरिंगात खोट नाय. पाटयेर लिवलेला आसा तुझ्या. तेच्यानंतर मी सांगतंय, की नाय, खोट विश्रामाचीच? मगे तुझ्याकडे बॅटरी घेवन कोण येतलो? तुझा पॉट तेच्यावर." बाबांनी दोर पुन्हा उचलला. "माझा काय? म्हाताऱ्यान चूक केल्यान तर लोक म्हणतत, म्हातारो झालो. आणि म्हातारो तर मी झालंयच."

मला रडू आलं. लपवत नाही. बेचाळीस वर्षांचा बाप्या, हातात पक्कड, कोयंड्यांच्या खळ्यात उभा राहून रडलो. या माणसाला लाँचवरून उतरवणं म्हणजे काय, ते मला कळत होतं. ते सगळं त्याने माझ्या पाटीवरच्या दोन शब्दांसाठी गिळलं होतं.

"आता वायर काय ती सारकी कर आणि गप ऱ्हव," बाबा म्हणाले. "कोणाक सांगा नको."

घरी आलो. सुगंधाने ताट वाढलं. मी सोलकढीत बोट फिरवत बसलो, तेव्हा ती म्हणाली, "आज कोणाक ओरडूक नाय? बरा नाय काय तुमका?" मग मी तिला सगळं सांगितलं.  ऐकून झाल्यावर तिने विचारलं, "मगे उद्या काय करतलास?"

"सांगितलं तर धंदा बसेल."

"धंद्याचा मी इचारूक नाय."

मी सोलकढीची वाटी बाजूला सारली.

"पाटी पुसूची लागात तर पुसूया," ती म्हणाली. "खिडकेचो पांढरो रंग उरलो आसा घरात." आणि तिने माझ्या ताटात आणखी एक सुरमईची तुकडी वाढली, स्वतःच्या वाट्याची.

सकाळी धक्क्यावर सगळे होते. सत्यवान एकटाच लाँच पुसत होता. सुकाणूच्या बाजूची जागा रिकामी होती, आणि तो पुसतानाही त्या जागेला वळसा घालून पुसत होता, हे मी बघितलं. मला हळू बोलता येत नाही. चूक कबूल करायची तर ती हात जोडून, मान खाली घालून करतात म्हणे. मी ओरडूनच केली.

"ऐका रे सगळे! लाँच बंद पडली ती बाबांमुळे नाही. माझ्यामुळे. देवीच्या दिव्याची वायर मी खटक्याच्या बाहेरून जोडली आणि विसरलो. कागदावरही घेतली नाही. बाबांना माहीत होतं, ते माझी अब्रू राखायला गप्प बसले. आता कोणाला माझ्याकडे यायचं नसेल त्यांनी येऊ नका. पण बाबांना कोणी एक शब्द बोललात तर माझ्याशी गाठ आहे."

 बाळा नावाचा एक होडीवाला डोकं खाजवत म्हणाला, "मगे माझ्या होडयेतलो देवाचो दिवो पण बघ रे सवडीन. तो पण सरळच आसा." आणखी दोघांनी हात वर केले. त्यातल्या एकाच्या होडीचं वायरिंग माझ्या प्रतिस्पर्ध्याचं होतं, पण ते असो.

सत्यवान फडकं हातात घेऊन तसाच उभा होता. मग धक्क्यावर उडी मारून घराच्या वाटेला लागला. मी मागून ओरडलो, "आज नको. उद्या आण त्यांना. आज मला काम आहे."

त्या दिवशी मी दुकान उघडलं नाही. एक तिसरी बॅटरी घेतली, लहानशी पण नवी, आणि ती सुकाणूखाली वेगळ्या खणात बसवली. तिच्यावर फक्त देवीचा दिवा. डाव्या डायनामोकडून एक वायर, उजव्याकडून एक, आणि प्रत्येकीत मुंबईहून आणलेला एक डायोड. डायोड म्हणजे एकाच बाजूला उघडणारं दार. कुठलंही इंजिन चालू असो, वीज तिसऱ्या बॅटरीत येणार. पण देवीचा दिवा उलटा येऊन स्टार्टरचं खाऊ शकणार नाही. नवा नकाशा काढला. लाल, निळी, आणि देवीच्या बॅटरीसाठी हिरवी पेन्सिल. दिव्याचं चित्र सगळ्यांत आधी काढलं. कुलूप मात्र पेटीला लावलं, कारण कुलूप असणं चांगलंच. संध्याकाळी दुकानाच्या पाटीला शिडी लावली आणि सुगंधाने पांढऱ्या रंगाचा डबा धरला.

दुसऱ्या दिवशी सत्यवान बाबांना घेऊन आला. घरी दोघांत काय बोलणं झालं मला माहीत नाही, पण सत्यवानाचे डोळे लाल होते आणि बाबांनी धुतलेला शर्ट घातला होता, हातात वळेसर. सत्यवानाने माझ्याकडे चावी मागितली. मी दिली. ती त्याने खिशात टाकली नाही. बाबांच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाला, "बाबानू, बॅटरे आता तुमी बघूचे. पाणी घालूचा, भरलेत काय ता बघूचा. तुमच्याशिवाय पेटी कोण उघडूचो नाय. मीसुद्धा नाय."

बाबांनी चावी करगोट्यात बांधली. दोनदा ओढून गाठ बघितली. मग लाँचवर चढले, पेटी उघडली, नकाशावरून बोट फिरवत हिरव्या रेघेपर्यंत आले आणि तिथे थांबले. खटका 'बंद'वर आणला. भोंगा दाबला, मुका. वर बघितलं. दिवा लख्ख. त्यांनी वळेसर घातला, हात जोडले आणि खटका एकावर घेतला.

"विश्राम," माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाटयेवरचा पुसलस म्हणतत."

"होय, बाबानू."

"बरा केलस. आता ता आमी म्हणतलंव."

आणि त्यांनी स्टार्टर दाबला.